उलटा हात

राजुलनं पिंजऱ्यावर पाटी लावलीय : टोपे यांचा बंगला.
डोक्यावर तुरा, म्हणून आडनाव टोपे.
येमेनकडचे आहेत. आपल्या बांधावरचा घोयरा नव्हे,
तो पाळला तर वनखातं दारात येईल.
यांचे कागद केलेत, शिक्क्यासकट.

रातकिडे खायला घालायची वेळ झाली
की तिची आई स्वयंपाकघराचं दार लावून घेते
आणि आतून णमोकार जरा मोठ्यानं म्हणते.

डिसेंबरात कृष्णेवरचं धुकं थेट विश्रामबागेपर्यंत आलं.
टोपे काळपट पडले, फांदीला चिकटून बसले.
बाबा, त्यांना ऊब पाहिजे.
ऊब!
कुपवाडला एकवीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्याकडं
पोरगी ऊब मागते.
शंभरचा बल्ब आणला, पिंजऱ्याच्या आतच टांगला,
खाली हात धरून बघितला.
काही नाही, म्हटलं. कोमट आहे.

तीन दिवस ते त्याच फांदीवर, बल्बाखाली.
आम्ही हसायचो, बघा कसे शेकत बसलेत साहेब.
चौथ्या दिवशी तुऱ्याचं टोक फिकट पडलं,
मग तपकिरी,
मग पातेल्याच्या बुडाला डाळ लागते
तसं काळं.

मिरजेचे डॉक्टर नदाफ गाई-म्हशींचे,
पण यातलंही वाचलेला माणूस.
मलम दिलं. म्हणाले,
पाठ भाजतीय हे त्याला कळत नाही हो.
थंडी वाजली की उजेडाखाली जायचं, एवढंच ठाऊक.
सूर्य हातभर अंतरावर येऊ शकतो
हे त्याच्या कुठल्या पूर्वजानं बघितलंय?

मी हात धरून बघितला होता, म्हटलं.
त्यांनी माझा हात घेतला, तळवा अंगठ्यानं दाबला,
आणि टेबलावर परत ठेवला.
बोलले काही नाहीत.

त्या रात्री कारखान्यातनं जाळी आणली.
बल्ब बाहेर, छताच्या वर,
मध्ये जाळी, चढून चिकटता येऊ नये म्हणून.
वरची फांदी सोडवून वीतभर खाली बांधली,
माझी वीत, राजुलची नव्हे,
मग पट्टीनं मोजली, मग भरवसा नाही म्हणून
आणखी दोन बोटं.
शंभरचा गेला, साठचा आला.
थर्मोस्टॅटची तार जमिनीवर नाही,
जिथं त्यांची पाठ येते तिथं.
रात्री सगळं बंद. त्यांनाही रात्र लागते.

फेब्रुवारीत यूव्हीबीची नळी बदलली, जरा जोराची मिळाली.
दोन दिवसांनी टोपे भर दुपारी डोळे मिटून.
इथं मात्र मला कुणी सांगायला नको होतं.
सोळाव्या वर्षी काच न धरता
ठिणगीकडं बघत उभा राहिलो होतो, मजा वाटत होती.
रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू.
खंडू मिस्त्रींनी बटाट्याच्या चकत्या बांधल्या
आणि पहाटेपर्यंत शिव्या दिल्या.
भाजणारा उजेड दिसत नाही, दिसतो तो त्याचा सोबती.
नळी उचलून वर घेतली,
एका बाजूला पानं दाट केली,
नको वाटलं तर सावलीत जायला वाट असू दे.
नळीवर तारीख लिहिली. जुनी झाली
की उजेड तसाच राहतो, गुण निघून जातो.

आता रोज सकाळी आठला राजुल हात धरते,
उलटा, पाठीच्या उंचीवर,
आणि मनात साठ मोजते.
मी शेजारी उभा राहून तिच्या चेहऱ्याकडं बघतो.
माझा हात आमच्या घरात आता मोजमापाला चालत नाही.

कात दोनदा टाकली, तुऱ्यावरची खाच भरली नाही.

परवा ती बेचाळीसवर थांबली.
मी बटणाकडं धावलो.
बल्ब नाही बाबा, तुमचं मनगट.
बघितलं तर फोड, दोन दिवसांचा तरी असेल.
कधी झाला?
म्हटलं, काय माहीत.

ती टोपेंचं मलम घेऊन आली.