पस्तीस ग्रॅम

काट्यावर काही नसतं तेव्हाही
तो पस्तीस ग्रॅम दाखवतो.
पुसला, उलटा केला, सपाट फरशीवर ठेवला,
पंखा बंद केला,
बटण दाबून शून्यावर आणला.
चहा गाळून येईपर्यंत पुन्हा पस्तीस.

मला कळलं ते गिजरे बाईंमुळे.
पाव किलो कारळ्याची चटणी घरी नेऊन मोजली त्यांनी,
फोन केला, आवाज न चढवता:
"उज्ज्वलाताई, दोनशे पंधरा भरली हो."
त्या रात्री वहीतून अकरा दिवसांची नावं काढली,
काटा सत्तर म्हणेपर्यंत चटणी घालत
पस्तीस-पस्तीसच्या पुड्या बांधल्या, घरोघर दिल्या.
काहींनी घेतल्या.
काहींनी घेतल्या आणि पुन्हा ऑर्डर दिली नाही.

मग काटा पिशवीत, धनकवडीहून बस,
मंडईपासून चालत तपकीर गल्ली.
तेच दुकान. फेब्रुवारीत
मला खुर्ची दिली होती, गार पाणी दिलं होतं,
"वर्षभर डोळे मिटून वापरा" म्हणाले होते.
आज खुर्चीवर खोकं होतं.

मालकांनी चार स्क्रू काढले,
काटा घेऊन आत गेले, बाहेर आले
आणि चिमट्यानं एक मुंगी बिलावर ठेवली.
लाल, मेलेली, अर्धी.
"कीटक. वॉरंटीत बसत नाही. मागे लिहिलंय."
लिहिलं होतं खरं, खसखशीएवढ्या अक्षरांत:
पाणी, पडझड, कीटक, देवाची करणी.

म्हटलं, देवाची करणी आणि नारळात पाणी,
एवढं शाळेत शिकले.
काट्यातली मुंगी कुणाच्या खात्यावर?
ते हसले. "काकू, तुमच्या घरी साखर सांडते,
त्याला कंपनी काय करणार?"

साखर!
मी लसूण-मिरची कुटते त्या खोलीत
माणूस शिंकल्याशिवाय उभा राहत नाही.

"बरं, मग लिहून द्या."
"काय?"
"दुरुस्त करणार नाही, असं. तारीख, सही, शिक्का."
इतका वेळ बोलणारं दुकान गप्प झालं.
"लेखी वगैरे आम्ही देत नाही.
पस्तीस वजा करायचे की. सोपं तर आहे."

मी तिथेच काटा चालू केला. पस्तीस.
वर वॉरंटी कार्ड ठेवलं. सदतीस.
वर बिल, मुंगीसकट. अडतीस.
त्यांचं "नाही" तेवढं ठेवायचं राहिलं होतं,
ते काही कागदावर उतरेना.

कोपऱ्यावर मागून कुणी धावत आलं.
दुकानातला मुलगा. दिवसभर त्याला
समाधान, समाधान अशा हाका मारत होते,
तेच त्याचं नाव.
"मावशी, हा स्क्रू राहिला," मोठ्यानं म्हणाला,
आणि हातावर ठेवताना, हळू:
"ह्या लॉटचे सगळे पस्तीसच दाखवतात. तुमचा चौथा.
मुंगी आमचीच आहे. डबीत असते."
मग वळला, थांबला,
"माझं नाव नका घेऊ."

ग्राहक आयोगासाठी अर्ज लिहायला घेतला.
तीन पानं एका बैठकीत झाली,
अनुस्वारांसकट, रागासकट.
शेवटी एक ओळ: साक्षीदाराचे नाव.
तिथे पेन टेकवलं, उचललं.
तीन दिवस झाले, अर्ज तिळाच्या डब्याखाली आहे.

आज गिजरे बाईंचाच काटा मागून आणला,
दोन किलोची ऑर्डर भरली. त्यांनी भाडं विचारलं, थट्टेत.
रात्री माझा काटा पुढ्यात ओढला,
समाधानचा स्क्रू त्यावर ठेवून पाहिला.
पस्तीस.
पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.
पस्तीसच.
इतकं हलकं त्याला कळत नाही.