हात सैल सोड

सीनेच्या अलीकडं आमचं निमखेड, पलीकडं नगरचा मुलूख.
तेव्हा तिकडं गोऱ्याचं राज्य, इकडं मोगलाई,
मधी उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी.

तिकडं कायदा झाला, बाई जाळायची नाही.
मग त्यांनी गाड्या पाण्यात घातल्या.
एका गाडीत मयत, दुसऱ्या गाडीत ती.
वाळूत चाक रुतलं तेव्हा
खाली उतरून तिनंही जोर लावला म्हणतात.

हे कुठल्या दप्तरात नाही. आमच्या घरात सांगतात.

आमचा मूळपुरुष सटवाजी कासार.
त्याला भर बाजारातून उठवून आणलं:
हिरवा चुडा पाहिजे, कोपरापर्यंत, दाम दुप्पट.
त्यानं गोणपाट अंथरलं, तिचा हात हातात घेतला,
बोटांची हाडं एकावर एक दुमडली
आणि सवयीनं बोलला,
आम्ही दिवसातून पन्नासदा बोलतो तेच:
हात सैल सोड, बाई.
तिनं सोडला.

पहिली बांगडी ढिली. दुसरी ढिली.
तळातून त्यानं जत्रेतल्या काढल्या, पोरीबाळींच्या.
त्या बसल्या.
तेव्हा त्यानं मान वर करून पाहिलं.

नाव विचारलं नाही.
गिऱ्हाइकाचं नाव आम्ही विचारत नाही, माप बघतो.
माप त्यानं ठेवून घेतलं, तांब्याच्या तारेचा एक वेढा.
त्या रात्री ढोल असे वाजले
की पलीकडच्या काठाची कुत्री उजाडेपर्यंत भुंकत होती.
दुप्पट दाम त्यानं घेतले.
तेही सांगतात. आमच्यात ते लपवत नाहीत.

पुढं काही सालांनी हैदराबादेहून कागद आला.
चावडीपुढं हलगी वाजली: इथून पुढं या मुलखातही नाही.
त्याच साली पटकीत देशमुखाचा थोरला गेला
आणि त्याची ठकूबाई जगली.
जगली म्हणजे माजघर, न्हाव्याचा वस्तरा,
एक वेळची भाकर, आणि सणाच्या दिवशी
कुणाच्या समोर येऊ नये म्हणून बंद दार.
कागदात एवढंच होतं, की जाळू नका.

चाळीस वर्षांनी एका अवसेला
ती आमच्या मागच्या दारी आली.
सटवाजीच्या सुनेला म्हणाली,
एकच घाल. कोणत्याबी रंगाची.
सुनेनं दिवा न लावता घातली.
म्हातारीनं हात कानाशी नेला, हलवला.
परत हलवला.
एका बांगडीला आवाज नसतो.
मग सुनेनं दुसरी घातली.

किती वेळ बसली होती, कुणी मोजलं नाही.
उजाडायच्या आत उंबऱ्यावर दोन्ही फोडल्या,
तुकडे वेचून पदरात बांधले, गेली.

शिळा अजून आहे, वेशीबाहेर, बाभळीखाली.
चंद्र, सूर्य, आणि कोपरात वाकलेला हात
मांडीएवढा जाड.
पाथरवटानं तिला पाहिलं नव्हतं.
आश्विनात बाया हळद लावतात,
नव्या नवऱ्या चुडा वाहतात,
चुडा माझ्याच दुकानातून नेतात.
मी विकते. एका डझनावर दोन जास्त देते,
वाटेत फुटतील म्हणून.

यंदा पेटी झाडताना ती तार वर आली.
माझी सुगंधा सातवीत आहे, खो-खोत कुणाला सापडत नाही.
मी हो-नाही म्हणायच्या आत तिनं घातली.
बरोबर बसली.
कुणाचं माप आहे गं, आई?
म्हटलं, काढ ते आधी.

निघेना. अंगठ्याच्या हाडाशी अडलं.
मी तिचा हात हातात घेतला,
बोटं दुमडली,
तोंडात रोजचे शब्द आले, हात सैल

साबण आण, मी म्हणाले.
जा, पळ, साबण आण.