अंतिम वापरकर्ता

म्हापशाच्या कोर्टात मी दुभाषी.
पोर्तुगीज येते, कारण पणज्यानं जमिनीचे कागद त्याच भाषेत ठेवले
आणि भांडणं आमच्या नावावर.
पानामागे दोनशे चाळीस रुपये. तिमाहीनं. मिळाले तर.

शिवोलीत तो अकरा महिने भाड्यानं राहिला.
रुई तावारिश द लेमुश.
शेजारीण म्हणते, सज्जन हो,
कुत्र्यांना मासळीची डोकी उकडून घालायचा.
पकडला तेव्हा शुक्रवारच्या बाजारात
सुंगटांचा भाव करत होता.

फाईल अशी:
बंदुका एका देशात बनल्या, दुसऱ्यात विकल्या,
पैसा तिसऱ्याच्या बेटावरून फिरला,
जहाजावर झेंडा चौथ्याचा,
माणसं मेली ती पाचव्यात,
जिथलं सरकार मध्यंतरी बदललं
आणि नव्या सरकारलाही बंदुका लागतात.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.
यात आपल्या हद्दीत काय घडलं?
सरकारी वकील उठले, बसले.
सुंगटं, मॅडम, मागून कोणीतरी म्हणालं.

आमच्या वाड्यावर असाच एक दावा सव्वीस वर्षं चालला:
माड दुलबाचा, वाकलेला कायतानच्या अंगणात,
नारळ पडला पोदेराच्या सायकलीवर.
पण ते तिघं एकाच बावीचं पाणी पीत.

मग पत्रं आली. जाड कागद, उठावाची मोहोर.
त्याचा देश: हा आमचा नागरिक,
आमच्याकडे परवाने चोख, गुन्हा नाही, सबब परत द्या.
पाचवा देश: मेले ते आमचे, आम्हाला द्या.
दिल्लीनं पाचव्याला विचारलं,
फाशी देणार नाही असं लिहून द्याल?
त्यांनी दिलं. वर न विचारता
कोठडीच्या खिडकीचं माप कळवलं, दीड फूट बाय दोन.
दोन्ही पत्रांची भाषा एकच,
साडेचारशे वर्षं आमच्याही डोक्यावर होती ती.
दोन्हींच्या शेवटी तेच वाक्य:
अत्युच्च आदराची पुनश्च ग्वाही.

दस्त क्रमांक एकाहत्तरवर मात्र मी अडलो.
छापील तक्ता. मालाचा अंतिम वापरकर्ता कोण?
समोर शिक्का, कृषी मंत्रालय.
बाहेर काजूचा मोसम, शिपायाच्या अंगाला हुर्राकाचा वास,
पंखा बंद. पेन्सिल कानावर.
अंतिम वापरकर्ता म्हणजे, मी समासात लिहिलं,
ज्याला शेवटी लागते तो.
वाचलं. खोडलं.
बाईंना कोशातलाच शब्द दिला.

तिसऱ्या महिन्यात जामीन.
पासपोर्ट जमा (तिन्ही), दर सोमवारी हणजूण पोलिसांत हजेरी.
पत्रं अजून येतात. आदर तसाच अत्युच्च.

परवा बाजारात भेटला. हातात पिशवी,
पिशवीबाहेर इसवणाचं शेपूट.
म्हणाला, तुमचं पोर्तुगीज फार जुनं आहे, साहेब,
माझी आजी असं बोलायची.
गेली, तेव्हापासून ऐकलं नव्हतं.

मला बरं वाटलं.
हे मी कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही,
या पानाचे पैसेही लावलेले नाहीत.