स्पर्धक

"स्पर्धक कोण?" असं विचारलंय फॉर्मात.
अवुओर आत्या खिडकीबाहेर बघते,
म्हणते, लिही: करकोचे.
मी थांबतो. ती थांबत नाही.
लिही, पहाटे साडेपाचला येतात,
माझ्याआधी, भाडं न देता,
कारखान्यामागच्या कातड्यांच्या ढिगावर उभे राहतात
टक्कल पडलेल्या सावकारांसारखे.

किसुमूत वीज आज दोनदा गेली.
लॅपटॉप ओपुंडोचा, सहापर्यंतच आपला.
पहिल्या पानावर कंपनीचं नाव,
दुसऱ्यावर माशाचं कातडं कमावायची रीत:
खरवडणं, पपईचा चीक, बाभळीची साल,
नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी
वास गेला का, हे शेजारणीला विचारणं.
ते शेवटचं मी गाळलं होतं.
तिनं परत घालायला लावलं,
"गुणवत्ता तपासणी" या मथळ्याखाली.

पाच वर्षांनी किती जोड विकाल?
ती बोटांवर मोजते, मग मोजणं सोडते.
सरोवरात पाच वर्षांनी मासा किती,
ते दिलंय का कुणी लिहून? मग मीच का?
तरी सांगते. चार हजार.
आणि जरा वेळानं, हळूच,
तीन हजार सहाशे कर, खोटं वाटायला नको.

शेवटचा प्रश्न: बाहेर पडण्याचा मार्ग.
मी समजावतो, म्हणजे कंपनी विकून, नफा घेऊन…
ती पायातली चप्पल काढते,
पहिलीच शिवलेली, डावी किंचित मोठी,
टेबलावर ठेवते, खवल्यांच्या खुणा वर करून.

सहाला दहा कमी.
ओपुंडो दारात किल्ल्या वाजवतो.
मी ती चौकट रिकामी सोडतो
आणि पानांना आकडे घालत बसतो.