पेन्सिलचा शेरा

मटन स्ट्रीटवर, शिलाई मशिनच्या लोखंडी पायांमागे
ओल धरून बसली होती तबकडी.
कव्हरवर जांभळी किटली, तोटीतून निघणारे ढग,
झालरीचे शर्ट घातलेली चार इंग्रज पोरं.
सदुसष्ट साली त्यांना तिकडंही कुणी विचारलं नाही.
एकजण पुढे टपालखात्यात चिकटला म्हणे.

कासमभाई म्हणाला, चाळीस दे.
गाणी नको असतील तर घड्याळ कर तिचं.

आतल्या कागदावर पेन्सिल, मोडी वळणाचं अक्षर:
'न. वि. तळपदे, ठाकुरद्वार.
बोटीवरच्या खानसाम्याकडून, रुपये सहा.
सतार बेसुर. तरफा जुळवल्याच नाहीत.
पण पोरं खोटं वाजवत नाहीत.'

आता ओसाकाहून विचारणा येते, लीड्सहून येते.
पहिलीच छपाई ना? कोपरे शाबूत?
आकडा सांगतात तो माझ्या वर्षाच्या भाड्याएवढा.
हरवलेलं रत्न, काळाच्या पुढचं वगैरे
लिहून झालंय सगळं. तुमच्यानंतर, तळपदे.

नवी आवृत्ती निघाली, धुऊनपुसून. मागवली.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं
माझ्याकडे 'उद्या'वर अडकतं:
उद्या उद्या उद्या,
की मी उठून सुईला बोट लावतो.
नव्या तबकडीत ते सरळ पुढे निघून गेलं.
मी उठलेलाच,
बोट हवेत.

हा ओरखडा तुमचा की कासमभाईचा?

विकणारच नाही असं नाही. भाडं थकलंय.
तोवर शेरा वहीत उतरवून घेतोय,
'बेसुर'मधला सु
तुमच्यासारखाच ऱ्हस्व ठेवून.