निष्पत्ती क्रमांक चार

मार्चअखेर. गंगापूर रोडवरचं कॉलेज,
विभागातला पंखा आणि मी, दोघांनाही एकच गती.
बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा तक्ता भरतोय:
निष्पत्ती एक, साध्य. दोन, साध्य.
तीन, अंशतः.
चार: 'विद्यार्थी उपकरणाच्या मर्यादा ओळखतो.'
टक्केवारी लिहा.

वैजयंता गांगुर्डे. सातपूरला रात्रपाळी करून येते.
चौथा प्रश्न कोरा.
शून्य मीच दिलंय, लाल शाईत, चांगलं गरगरीत.

पण परवा पिंपळगावच्या द्राक्षबागेत
सगळे घाईघाईनं मण्याचा रस काचेवर टाकून
उजेडाकडे धरून साखर वाचत होते,
अठरा, एकोणीस, वीस,
तेव्हा ही ओढणीनं काच पुसत म्हणाली,
'थांबा की सर. आधी नुसत्या पाण्याचा थेंब बघू.
पाण्यातच साखर दाखवली यानं तर?'

दाखवली. दीड.

वहीभर आकडे खोडले आम्ही.
पहिला माझा.

तक्त्यात पाण्याच्या थेंबाला रकाना नाही.
सोमवारी समिती येणार, फायलींना दोरे ओवायचेत.
चौथ्या ओळीत मी अठ्ठावन्न लिहितो,
खोडतो,
पुन्हा अठ्ठावन्नच लिहितो.