सात नंबरची टाकी

गावाचं नाव सांगत नाही. लॉजवाल्यानं पावती दिली नाही,
मग मी तरी का द्यावी?
तासगाव ओलांडलं की एसटी डावीकडे वळते
आणि कुमुद खिडकी लावून घेते. एवढी खूण पुरे.

"आलं," ती म्हणाली.
"कसा आहे?"
"ताक फार आंबलं की येतो तसा. नाही, थांब,
ओल्या पोत्यावर गूळ सांडलाय
आणि कुणी पुसलाच नाहीये, असा."

दोन वर्षं झाली, त्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे, चष्मा बसतो त्यावर,
वास तेवढे निघून गेले, बिऱ्हाड हलवावं तसे,
भिंतीवर खिळ्याचं भोकसुद्धा न ठेवता.
तेव्हापासून कुमुद मला वास वाचून दाखवते,
अडाण्याला पत्र वाचून दाखवावं तसे.
काही ओळी गाळते. मला कळतं.

ही दोन दिवसांची सुट्टी लेकीनं फोनवर ठरवली.
"तिकडे वाइन बनते, बाबा, आत नेऊन दाखवतात,
पेलासुद्धा देतात."
पेल्याचं मी काय करू?
मला द्राक्षं आणि खोकल्याचं औषध एकाच घरचं.

लॉजमालक भूपाल चौगुले. काउंटरवर महावीरांची तसबीर,
शेजारी पुठ्ठ्याच्या तीन बाटल्या, जाहिरातीच्या.
स्वतः थेंब घेत नाही, कांद्याला शिवत नाही.
"गिऱ्हाइकाला वाट सांगतो की ओ.
वाट सांगायला काय पाप न्हाई."

संध्याकाळी पेठेत बेदाण्याचे ढीग,
हिरवे, पिवळे, कोपऱ्यात एक काळा.
कुमुदनं मूठ भरून नाकाशी नेली, डोळे मिटले,
आणि मला सांगायचं विसरली.
मी पिशवी धरून उभा.
तेवढं मिनिटभर
ती एकटीच सुट्टीवर होती.
मी विचारलं नाही.

रविवारी कारखाना. निजाम मुलाणी, पांढरे गमबूट,
सतरा हंगाम टाक्यांवर.
बरोबर पुण्याचे चौघे. पेला फिरवतात, नाक बुडवतात,
एक म्हणतो जांभूळ. एक म्हणतो चामडं.
तिसरा बराच वेळ घेऊन म्हणतो,
टोक काढलेली पेन्सिल.
मीही बुडवलं.
काच. गार.

निजामनं बघितलं. बोलला काही नाही,
कोपराला धरून मागं नेलं,
सात नंबरच्या टाकीपाशी.
"कान लावा की सर."
"कान?"
"माझंबी नाक सर्दीत जातंय दर हंगामाला.
मग मी असंच बघतो. हितं, खालच्या अंगाला."

पत्रा गार होता. आणि आत,
कसं सांगू,
मास्तरांनी फळ्याकडे तोंड केलं
आणि चाळीस पोरं कुजबुजायला लागली, तसं.
नाही, थांब.
लग्नघरात रात्री दार लोटून
बायका तांदूळ निवडतायत
आणि एकीला हसू आवरत नाहीये.
तेही नाही.

"सहा दिस झालं," निजाम म्हणाला, "अजून बोलतीय.
गप झाली की समजायचं,
साखर संपली."

मी कुमुदला हाक मारली. तिनं कान टेकला,
दुसऱ्या कानावर तळवा.
"पंपाचाच आवाज येतोय रे. तू सांग."

मग मी सांगितलं. पोरं, मास्तर, तांदूळ,
ती हसणारी कोण, कुणाची जाऊ.
दोन-चार ओळी पदरच्या घातल्या.
तिला कळलं असणार.

परतीच्या एसटीत मांडीवर एक बाटली,
चौगुल्यांच्या जुन्या पेपरात गुंडाळलेली.
मिरज येईपर्यंत दोनदा,
कंडक्टर पुढे गेलाय असं बघून,
मी ती कानाशी नेली.

गप होती.